चोळीतला घाम

माणूस गेल्यावरही त्याच्या कपड्यातला घाम आता प्रयोगशाळेत तपासता यायचा, म्हणून शालनने आईची जुनी चोळी दिली होती.

“मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ होती,” चोळी परत देत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “ती मध्येच रक्तात ॲड्रेनलिन सोडायची, मग धडधड, थरथर, दरदरून घाम. तेव्हाही लघवी तपासून कळलं असतं, गाठ काढता आली असती. दवाखान्यात नाही नेलं?”

“आईच्या अंगात यायचं,” शालन पुटपुटली. “देवी म्हणून अख्खा गाव पाया पडायचा.”

चोळीवर अजून कुंकू होतं. “छाती फुटतेय गं माझी,” आई कळवळायची आणि बायका तिची ओटी भरायच्या. एकदा तर त्या गर्दीत पुढे घुसून शालननेच, तिच्या पोटच्या पोरीने, हात जोडून विचारलं होतं, “देवी, मी दहावी पास होईन का?”