खंडेनवमीची काच

खंडेनवमी म्हणून सूर्यासारखी ऊर्जा घडवू पाहणारं ते यंत्र आज बंद होतं. प्रयोगशाळेतले मदतनीस गुरवकाकांनी त्याला झेंडूचा हार घातला आणि आत बघायच्या खिडकीची काच पुसायला खोलून काढली.

शेजारी शास्त्रज्ञ वसुधा पेढे वाटत होती. यंत्रातला प्लाझ्मा, म्हणजे प्रचंड तापलेला वायू, आतल्या भिंतीवरच्या लिथियमच्या थरावर सतत कणांचा मारा करतो. उडालेलं लिथियम लाल चमकतं, आणि या काचेतून मोजलेली ती लाली वर्षभर कमी कमी होत आली होती. भिंतीची झीज थांबतेय, हा तिचा शोध कालच जाहीर झाला होता.

"ताई, यातून पलीकडचं काही दिसत नाही," काका म्हणाले.

तिने काच हातात घेतली. आतून राखाडी लेप चढला होता. भिंतीवरून उडालेलं लिथियम इथे येऊन बसलं होतं. झीज तशीच चालू होती. काच तेवढी आंधळी होत गेली होती.

तिने विचारलं, "काका, ही शेवटची कधी पुसली होती?"

"गेल्या खंडेनवमीला. मग तुम्हीच म्हणालात ना, आता वर्षभर हिला हात लावू नका, मोजमाप बिघडेल."