आधी भेट, मग बातमी

"सुयिन्शी द्या, जाऊबाई! आधी सुयिन्शी, मगच सांगेन!"

कामशात कुंपणापलीकडून ओरडत होती. हात पिठाने माखलेले, डोक्यावरचा रुमाल मागे सरकलेला. इकडे बातिमा दोरीवरच्या चादरी झटकत होती. खाणीतला दोनचा सुरुंग नुकताच उडाला होता आणि सकाळी धुतलेल्या चादरी पुन्हा राखाडी झाल्या होत्या.

चांगली बातमी आणणाऱ्याच्या हातावर आधी काहीतरी ठेवायचं, मग बातमी ऐकायची, ही सुयिन्शीची रीत बातिमाला कुणी शिकवायला नको होती. कुणाला नातू झाला, कुणाची हरवलेली घोडी सापडली, तिने आयुष्यभर भेटी दिल्या होत्या. आज मात्र तिचा हात उठेना.

"तुझ्या बातमीला माझ्याकडे काही नाही," ती म्हणाली.

"अहो, सुई द्या! एखादं बटण द्या!"

"बटणसुद्धा नाही. तुझी बातमी मला ठाऊक आहे. साऱ्या गावाला ठाऊक आहे."

कामशातचं हसू जरा थबकलं. "नाही हो ठाऊक तुम्हाला," ती म्हणाली. "बरं, उद्या सभेत ऐकाल. पण मग भेट दुप्पट घेईन, सांगून ठेवते!" आणि गुणगुणत आत गेली.

ते गुणगुणणं बातिमाच्या कानात सुईसारखं शिरलं.

महिन्यापूर्वी गावच्या शाळेत नकाशा लागला होता. तांब्याची खाण गावाच्या अंगावर येणार होती. लाल रेघेच्या आतली जमीन यापुढे राहायची नव्हे, खाणीची. आतल्यांना शहरात नवीन घर मिळणार होतं, तीन खोल्यांचं, नळाला गरम पाणी असलेलं. बाहेरच्यांनी होतं तिथेच राहायचं. बातिमाने त्या रेघेवरून तीनदा बोट फिरवलं. रेघ नेमकी दोघींच्या मधल्या कुंपणावरून गेली होती. कामशात आत. बातिमा बाहेर.

ती एकटी होती. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. विहिरीवरून पाणी आणताना गुडघे रडकुंडीला आणत. तसलं घर मिळालं असतं तर ती अनवाणी निघाली असती.

पण मिळालं कुणाला? रीतीप्रमाणे सासऱ्यांचं घर धाकट्या मुलाकडे गेलं, म्हणजे कामशातकडे. सासूचं चांदीचं कडं कामशातच्या मनगटात. कुंपणातलं सफरचंदाचं झाड बातिमाने लावलं, पाणी तिने घातलं, आणि ते वाकून फळं टाकत होतं कामशातच्या अंगणात. तीस वर्षं हेच चाललं होतं. आता गरम पाण्याचा नळही तिकडेच वाकला.

दुसऱ्या दिवशी शाळेचं सभागृह गच्च भरलं. खाणीचा तरुण इंजिनियर जुन्या नकाशापाशी उभा राहिला. त्याच्या काखेत आणखी एक गुंडाळलेला नकाशा होता.

"रेघेत थोडा बदल झालाय," तो म्हणाला. "तो सांगण्याआधी कुणाची काही हरकत?"

बातिमा उठली. अंगावरची शेळीच्या लोकरीची शाल तिने सारखी केली.

"माझ्या कुळाचं मूळ घर तुम्ही खड्ड्यात घालताय," ती म्हणाली. "माझ्या सासऱ्यांनी त्याची एकेक वीट पायाने माती तुडवून पाडली. माझ्या नवऱ्याचा जनाजा त्याच दारातून निघाला. ज्यांना त्याचं काही वाटत नाही त्यांनी खुशाल शहरात जावं. पण ते घर पाडायचा हक्क कुणालाच नाही."

बोलता बोलता तिचा आवाज खरोखरच कापला. क्षणभर तिला स्वतःलाही ते सगळं खरं वाटलं. म्हाताऱ्यांनी डोळे पुसले.

"खरं बोलली! पूर्वजांची चूल विझवू नका!" मागून कुणीतरी ओरडलं. एकामागून एक हात वर झाले.

पुढच्या बाकावर कामशात अर्धवट उठली, काहीतरी बोलू पाहत होती. पण भरसभेत थोरली जाऊ बोलत असताना धाकटीने तोंड कसं उघडायचं? ती खाली बसली.

इंजिनियर शेजारी बसलेल्या खाणीच्या साहेबांच्या कानाशी लागला. मग खांदे उडवून म्हणाला, "ठीक आहे. त्या टोकाची दोन घरं आम्ही सोडतो. रेघ ओढ्यापर्यंत मागे." काखेतला नकाशा त्याने उघडलाच नाही.

घरी परतताना बातिमाचे गुडघे दुखत नव्हते. फाटकापाशी तिने कामशातला गाठलं. जिंकलेल्या माणसाचं मन मोठं होतं, तसं तिचं झालं. तिने अंगावरची शाल काढली आणि कामशातच्या हातावर टाकली.

"घे बाई! बटण मागत होतीस, शाल देते. आता सांग तुझी बातमी."

कामशातने शाल उलगडली, झटकली आणि परत बातिमाच्या खांद्यांवर नीट पांघरली.

"असू द्या. वारा आहे," ती म्हणाली. "आठ दिवस कचेरीत बसून होते मी, जाऊबाई. म्हटलं, थोरल्या जाऊबाईंना घर दिल्याशिवाय आम्ही सही करत नाही. शेवटी परवा त्यांनी रेघ सरकवली, तुमच्या अंगणाच्या पलीकडे. शहरात आपल्याला समोरासमोर दोन दारं दिली होती. मी तळमजला मागून घेतला होता. तुमच्या गुडघ्यांना जिना झेपला नसता म्हणून."