लाल शाईतले शेरे

तिसरी पेटीही तळापर्यंत उपसून झाली, पण शेवटचं प्रकरण मिळालं नाही.

पद्मजाने घड्याळ पाहिलं. अकरा. धर्मराज सरांचे कागद न्यायला विद्यापीठाची गाडी त्यांच्या या पनवेलच्या घरी चार वाजता येणार होती. सर मार्चमध्ये गेले. त्यांची गव्हाणच्या कोळणींवरची न छापलेली कादंबरी पूर्ण हाती लागली, तरच वाचनालयातली तिची सहा महिन्यांची नोकरी पुढे वाढणार होती.

"पूर्वी, तोंडात नाही." तिने लेकीच्या हातातली टाचणी काढून घेतली. पाळणाघराला आज सुट्टी.

एकोणतीस प्रकरणं होती. मजकूर निळ्या शाईत, समासात लाल शेरे. पस्तीस वर्षं कॉलेजात इंग्रजीचे पेपर तपासलेला माणूस, स्वतःचं लेखन तरी कसं सोडेल? लाल अक्षर मोठं, उजवीकडे कललेलं. शेरे घाईत मारले की होतंच तसं. खाली चक्क गुण. दहापैकी चार. 'आमी असं नाय रडत. परत लिवा.' आणि पुढे तेच पान नव्याने लिहिलेलं.

"काका, सर स्वतःलाच अहो-जाहो करून झापतात, तेही गव्हाणच्या बोलीत," ती फोनवर ग्रंथपाल काशीरामकाकांना सांगत होती. "मी लेख लिहिणार यावर. इतका कठोर लेखक मी पाहिला नाही."

"लेख नंतर. आधी शेवट शोध."

दारात टोपली टेकली. मासेवाली भामा. सोमवारपासून रोज यायची.

"बाय, सरांचं काम हाय."

"मावशी, सर गेले, सांगितलं ना. आणि मासे नकोत. टोपली बाहेर ठेवा, पाणी गळतं, इथे कागद आहेत."

"टोपलीत मासे नायतच. रोज नको-नको करतेस, आयकून कुठं घेतेस?"

पूर्वी धावत तिच्याकडे गेली. पद्मजाने तिला मागे ओढलं, जरा जास्तच जोरात. मग ओशाळून म्हणाली, "या. पण नोंद करावी लागेल." तिने नोंदवही उघडली आणि अंगठ्यासाठी शाईचं पॅड पुढे सरकवलं.

भामाने टोपलीतून प्लास्टिकची पिशवी काढून टेबलावर ठेवली. "सरांनी दिलेलं. परत देयाचं रायलं."

पद्मजाने पिशवी सोडली. निळी शाई. प्रकरण तिसावं. ती उभ्या उभ्याच पानं उलटत शेवटाशी आली. तिथेही लाल शेरा होता: 'आता रडली बघा आमच्यावानी. दहापैकी दहा.'

सरांनी शेवटी स्वतःला पैकीच्या पैकी दिले होते. पद्मजाचे डोळे भरून आले. हे सांगायला तिने वर पाहिलं.

भामाने शाईचं पॅड बाजूला सारलं होतं. पोलक्यातून लाल पेन काढून ती नोंदवहीत नाव लिहीत होती. मोठं अक्षर, उजवीकडे कललेलं.