हाडांची यादी

समोरच्या संघाच्या ओटिस ग्रँथमने कॉर्बिनला कमरेतून उचललं, क्षणभर वर धरलं आणि गोठलेल्या मैदानावर आपटलं. बरगडी मोडल्याचा आवाज कॉर्बिनला आतून ऐकू आला. अमेरिकन फुटबॉलच्या मोसमातला हा सतरावा सामना होता आणि पंधरावा पराभव. टोलेडोचे प्रेक्षक लाजेपोटी डोक्यावर कागदी पिशव्या घालून बसले होते. पिशव्यांना डोळ्यांपुरती भोकं मात्र होती, नाहीतर आपटाआपटी दिसली नसती.

"उठतोस, की मी असाच बसू?" ओटिसने आपुलकीने विचारलं. तो कॉर्बिनच्या छातीवर बसला होता.

कॉर्बिन हॅल्व्हर्सन टोलेडोचा क्वार्टरबॅक. चेंडू फेकायचं काम त्याचं. तो फेकून होईपर्यंत समोरच्या धटिंगणांना अडवायचं काम पुढच्या पाच जणांचं. टोलेडोचे पाच जण बाजूला सरून वाट करून देण्यात तरबेज होते. कॉर्बिन पस्तिशीचा झाला होता, करार आणखी एका वर्षाचा होता आणि दुसरं कुठलं काम त्याला येत नव्हतं. डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं की खांद्यावर असाच आणखी एक दणका बसला, तर उरलेल्या जन्मात शर्ट दुसऱ्या कुणीतरी घालून द्यावा लागेल.

सुख काय ते सरावात. सरावात क्वार्टरबॅक लाल जर्सी घालतो आणि लाल जर्सीला कुणी बोट लावत नाही. दुसऱ्या गावांत सगळ्याच क्वार्टरबॅकांना लाल देतात. टोलेडोचा कोच मात्र जुन्या वळणाचा. लाल एकच, पहिल्या नंबरच्या माणसाला. दुसऱ्या नंबरचा नील पांढरीत असायचा. गेल्या ऑगस्टमध्ये सरावातच त्याचा जबडा दोन ठिकाणी फुटला, तेव्हा कॉर्बिन सूप घेऊन त्याला भेटायला गेला होता. खेळ आहे बाबा, मनावर घेऊ नकोस, असं त्याने समजावलं. नीलला उत्तर देता आलं नाही, कारण तोंड तारेने बांधलेलं होतं.

जानेवारीत मर्ल डिट्झने कॉर्बिनला बोलावून घेतलं. कुठला खेळाडू घ्यायचा आणि कुठला घालवायचा हे मर्ल ठरवायचा. त्याने डोनट पुढे केला आणि विचारलं, तुला आजवर सगळ्यात जास्त कुणी मोडलंय? कॉर्बिनला बरं वाटलं. अशांना थोपवणारी माणसं शोधायची, एवढी अक्कल अखेर माणसाला आली म्हणायची. त्याने विचार करून तीन नावं दिली आणि प्रत्येकापुढे हाड सांगितलं. एकाने घोटा, दुसऱ्याने खांदा, ओटिस ग्रँथमने बरगडी. मर्लने सुवाच्य अक्षरात सगळं लिहून घेतलं.

मार्चमध्ये करार संपलेले खेळाडू मोकळे झाले आणि मर्लने दोन दिवसांत थैली रिकामी केली. त्याने तेच तिघे विकत घेतले.

कॉर्बिन तावातावाने त्याच्या खोलीत शिरला. मर्ल शांत होता.

"तुला मोडणारे तीन. तिघेही आता आपले. मग तुला मोडणार कोण, पोरा?"

या बोलण्यात कुठेतरी खोट होती. कॉर्बिनला ती आठवडाभर शोधून सापडली नाही. अडवणारा एक तरी घ्या, एवढंच त्याने विनवलं. मर्ल म्हणाला की ड्राफ्ट आहे ना. तुझ्या हाडांचाच विचार चाललाय.

ड्राफ्टमध्ये कॉलेजची पोरं निवडतात आणि पहिला हात सगळ्यात जास्त हरलेल्या संघाचा, म्हणजे यंदा टोलेडोचा. नेब्रास्कात एकशे साठ किलोचं एक पोरगं होतं. तीन वर्षांत त्याला ओलांडून कुणी पलीकडे गेलं नव्हतं. तो लोकांना कसा चिरडतो याचे व्हिडिओ कॉर्बिन रोज दुपारी बघायचा आणि मग त्याला छान झोप लागायची. ओटिस शेजारच्याच गल्लीत राहायला आला होता. माणूस प्रेमळ निघाला. रविवारी अंगणात स्वतः सॉसेज भाजायचा आणि कॉर्बिनला वाकता येत नाही म्हणून ताट हातात आणून द्यायचा.

एप्रिलमध्ये ड्राफ्टच्या दिवशी सगळं गाव मैदानाबाहेरच्या पार्किंगमध्ये मोठ्या पडद्यासमोर जमलं. वेळ जात नव्हता म्हणून माणसं गाड्यांच्या टपांवरून घडीच्या टेबलांवर उड्या मारून टेबलं आणि पाठी मोडून घेत होती. मग नाव आलं. कॅलिफोर्नियाचा, एकवीस वर्षांचा, सोन्यासारखा हात असलेला क्वार्टरबॅक.

गावाने कागदी पिशव्या काढून पेटवल्या. आनंदाच्या भरात पोलिसांची एक गाडी उलटी झाली. आनंदाच्याच भरात कुणीतरी भिरकावलेली बाटली कॉर्बिनच्या कपाळावर फुटली. रक्त पुसत त्याने मर्लला फोन लावला. माझ्या हाडांचा विचार करणार होतात ना, एवढंच त्याने विचारलं.

"केला ना," मर्ल म्हणाला. "बराच केला. त्यांचं काही खरं नाही, पोरा."

मे महिन्यात सराव सुरू झाला. कॉर्बिनच्या खुंटीवर पांढरी जर्सी होती. लाल समोरच्या खुंटीवर होती आणि कॅलिफोर्नियाचा पोरगा ती कौतुकाने डोक्यातून घालत होता. त्याने कॉर्बिनला सर म्हणून नमस्कार केला.

मैदानात कोच पाठीवर थाप मारून गेला. खेळ आहे बाबा, मनावर घेऊ नकोस, म्हणाला. समोर तिघे ओळीने वाकले आणि त्यांनी बोटं गवतात रोवली. कोचने शिटी तोंडाला लावली. तेवढ्यात मधल्या ओटिसने मान वर केली.

"कॉर्बिन," त्याने काळजीने विचारलं, "बरगडी डावी होती की उजवी?"