ठोठावल्याशिवाय उघडू नये

आमच्या सिनेगॉगमध्ये रात्री मेलेले प्रार्थना करतात. म्हणून सकाळी दार ठोठावून त्यांना निघायला वेळ द्यायचा आणि मगच उघडायचं. हे काम बाबांचं. पण त्या दिवशी ते तापाने फणफणले होते, म्हणून किल्ली माझ्याकडे आली.

"झेल्दे, आधी ठोठाव हं," अंथरुणातून खोकत ते म्हणाले.

"उंदरांनाही सांगू का, टोप्या घालून बाहेर पडा म्हणून?"

"जीभ आवर. जा."

बर्फ तुडवत गेले आणि दार ठोठावलं. आत बाकं सरकली.

"आला दहावा," कुणीतरी म्हणालं. दहा पुरुष जमल्याशिवाय आमची प्रार्थना सुरू होत नाही.

मग दाराला लागूनच तो ओळखीचा खोकला ऐकू आला.

"थांब गं, झेल्दे," आतून बाबा म्हणाले. "आत्ता कुठे सुरुवात होतेय."