हळद निघू द्या

जेवताजेवता चांदी कुत्रीला भाकरीचा तुकडा टाकून तातेरावांनी तिच्या पोटाखाली खाजवलं, आणि हाताला गाठ लागली. ताट तसंच टाकून ते उठले.

"प्रियंका, गाडी काढ. हिला परभणीच्या दवाखान्यात नेऊ. आत्ताच्या आत्ता!"

त्यांची लेक प्रियंका भांडी विसळत होती. गाडी तिची, चालवणारीही तीच. तिनं मान वर केली नाही.

"हळद निघू द्या की, आबा."

तातेराव जागच्या जागी थिजले. दोन वर्षांपूर्वी हेच त्यांनी बायकोला ऐकवलं होतं. शकुबाईंच्या छातीत लिंबाएवढी गाठ, आणि हे म्हणाले, "हळद निघू दे, गाठ काय पळून चालली?" हळद निघाली, शिजली, वाळली, वसमतच्या मोंढ्यात विकली गेली. मग कुठं यांना सवड झाली. तोवर डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. आणि आज कुत्रीसाठी याच माणसाला दम निघेना!

"मुकं जनावर हाय गं," ते पुटपुटले. "तकलीफ झाली तरी सांगत न्हाई."

"माय तरी कुठं सांगत होती?"

एवढं बोलून तिनं हात पुसले आणि किल्ली घेतली.

गाठ कॅन्सरचीच निघाली. ऑपरेशन झालं. मग दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध, अशा चार खेपा. प्रियंकानं एकही चुकवली नाही. रजा टाकल्या, चांदीच्या ओकाऱ्या पुसल्या, तिला हातानं दहीभात भरवला. आणि दर खेपेला आबांना सोबत नेलंच. सुई टोचताना चांदीचं डोकं त्यांनीच धरायचं. हट्टा गावातले लोक म्हणायचे, पोरगी मोठ्या मनाची, बापावरचा राग गिळला बघा.

शेवटच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत म्हणून वाचली."

घरी येताच चांदी अंगणभर पळत सुटली. तातेरावांचे डोळे भरून आले. त्यांनी लेकीपुढे चक्क हात जोडले.

"माफ केलंस मला, पोरी."

"न्हाई, आबा," प्रियंका शांतपणे म्हणाली. "वेळेवर नेलं की वाचतं, हे तुमाला रोज अंगणात दिसावं, म्हणून जगवली हिला."