सरांच्या लेखातलं वाक्य

पीएचडीच्या व्हायवाआधी ती खोलीबाहेर नुसत्या येरझारा घालत होती. बाहेरून आलेल्या परीक्षक सरांच्या एका जुन्या लेखाचा सारांश तिने एआयकडून करून घेतला होता आणि त्यातलं एक झकास वाक्य सरांच्या नावानिशी प्रबंधात टाकलं होतं. मूळ लेख आज पहिल्यांदाच उघडला, तर ते वाक्य त्यात कुठेच नव्हतं.

आत गेल्यावर सर पानं चाळता चाळता नेमके तिथेच थांबले. वाक्याखाली बोट फिरवत त्यांनी ते पुन्हा वाचलं. ती चटकन पुढे झाली.

"सर, ते जरा..."

सरांनी चष्मा काढला, डोळे पुसले.

"इतक्या वर्षांत माझा लेख खरंच वाचलेली तू पहिलीच भेटलीस, बाळा."